जलव्याचा आरसा आणि त्याची पाठची फळी

गेल्या वर्षी आमच्या घरात एका आरशावरून भांडण झालं. भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याच महिन्यात फुप्पीच्या नातवाचंही. जलव्यासाठी दोन्ही घरांना दादीचाच आरसा हवा होता. तारखा वेगळ्या होत्या, त्यामुळे एका आरशावर दोन्ही लग्नं पार पडली असती. पण फुप्पीचं म्हणणं होतं की एकदा आरसा तिच्याकडे आला की तो परत जाणार नाही. तिच्या आईचा होता तो. अब्बांच्या माघारी भावाने तो सांभाळला, हे खरं. पण सांभाळणं म्हणजे मालकी नव्हे, असं ती म्हणाली. तिचंही चूक नव्हतं.

ज्यांना जलवा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निकाह झाल्यावर नवरा-नवरीला शेजारी बसवतात. डोक्यावर ओढणी धरतात. समोर रेहलवर कुरआन आणि एक आरसा ठेवतात. दोघांनी एकमेकांकडे थेट न बघता आरशात बघायचं. पहिली नजर आरशातली. उत्तरेकडे याला ‘आरसी-मुसहफ’ म्हणतात, आपल्याकडे मराठवाड्यात आणि हैदराबादेत ‘जलवा’. शरियतने सांगितलेला हा विधी नाही, चालीरीत आहे. पण आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांनी आपल्या नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा याच आरशात पाहिलं, असं दादी सांगायची.

आरसा सव्वादोन फूट उंच, दीड फूट रुंद. शिसवी चौकट, काळपट तांबडी. दोन्ही बाजूंना वेलबुट्टी, वर कमान आणि कमानीच्या मधोमध चाँद. हैदराबादेतल्या एका नवाबाच्या हवेलीतला हा आरसा पणजोबांना बक्षीस मिळाला, ही घरची कहाणी. तामलवाडीसारख्या लहान गावात अशी वस्तू म्हणजे मान होता.

शेवटी भावानेच तोड काढली. म्हणाला, “हुबेहूब दुसरा करून घेऊ. मग एक त्यांचा, एक आपला.” मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, घरात मोकळा वेळ मलाच आहे असा सर्वांचा समज आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. आरसा वाकळीत गुंडाळला आणि सोलापूरला एका जुन्या सुतारमामांकडे नेला. नक्षीकाम हाताने करणारे आता थोडेच उरलेत, त्यांतले ते एक.

एकाच शब्दाची दोन घरं

मराठीतला आरसा आणि उर्दूतली आरसी हे दोन्ही शब्द संस्कृत ‘आदर्श’वरून आलेत. आदर्श म्हणजे मुळात आरसा, ज्यात बघून आपण स्वतःला नीट करतो ते. पुढे मराठीने ‘आदर्श’ला नमुना हा अर्थ दिला आणि दर वर्षी काही शिक्षकांना तो पुरस्कारात मिळू लागला. फारसीतला ‘आईना’ मराठीत ‘ऐना’ झाला. ‘बिलोरी’ हा शब्द तर फारसीतल्या बिल्लोरचा, म्हणजे स्फटिकाचा. एका वस्तूला मराठीत इतके शब्द आहेत, कारण ती वस्तू इतक्या वाटांनी आपल्याकडे आली.

काचेआधी आरसे धातूचे होते, घासून चकचकीत केलेल्या काशाचे किंवा तांब्याचे. त्याची मूठ सुंदर करायची ही हौसही जुनी. आमच्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, ग्रीक दर्यावर्दींना माहीत असलेली बाजारपेठ. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच भारतातून तिथे पोहोचली होती. तिच्या डोक्यात वरून भोक आहे. त्यामुळे ही आरशाची मूठ असावी, असा एक तर्क आहे. काही अभ्यासक तिला चौरंगासारख्या वस्तूचा पाय मानतात. तसलीच एक मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनलाही सापडली. तेव्हा आरसा परदेशातून आला आणि आपण बघत राहिलो, असं नाही. कदाचित आपणही कधीतरी आरसा हातात धरण्याची वस्तू परदेशाला दिली असेल.

काचेचा मोठा आरसा मात्र युरोपचा. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काचेच्या पाठीला कथील आणि पारा लावत. ही विद्या त्यांनी फार जपली. पुढे फ्रान्सने ती मिळवली. १६८४ साली पुऱ्या झालेल्या व्हर्सायच्या महालातल्या दालनात ३५७ आरसे बसवले. आपल्याकडे हे आरसे नजराणा म्हणून यायचे. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला. जहांगीर बादशहासाठी त्याने आणलेल्या वस्तूंत सोनेरी मुलाम्याचे आरसे होते. त्याने कंपनीला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की आरशांचा सरस सुटला, पाठचा लेप निघाला आणि ते खिळखिळे झाले. सुतारमामांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “बाई, नुसत्या सरसावर चौकट उभी राहत नाही. तिला कूस पाहिजे.” एका लाकडाला जीभ काढून दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, ती जीभ म्हणजे कूस.

पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, तेव्हा तोही गेला. पण तोवर आरसा फक्त राजेरजवाड्यांचा होता. तो साध्या घरात आला त्याला दोन कारणं झाली. एक म्हणजे १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत दाखवली. कारागिरांचा जीव घेणारा पारा हळूहळू मागे पडला. दुसरं कारण आगगाडी. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली. बेल्जियमची काच बोटीने मुंबईला आणि तिथून गाडीने सोलापूरला येऊ शकत होती. आजही आमच्याकडे जुन्या चांगल्या आरशाला ‘बेल्जमचा आरसा’ म्हणतात, मग तो कुठलाही असो.

चाँद नव्हे, शिंपला

सुतारमामांनी पहिले दोन दिवस एकही हत्यार हातात घेतलं नाही. चौकटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासत नक्षी उतरवून घेतली. मग म्हणाले, “बाई, हा चाँद नाही. शिंपला आहे.”

मी वाद घातला. लहानपणापासून आम्ही त्याला चाँदच म्हणत आलो. त्यांनी कागद पुढे केला. खरंच, आतल्या बाजूला पंख्यासारख्या रेषा होत्या. झिजल्यामुळे आणि पॉलिशचे थर चढल्यामुळे त्या बुजल्या होत्या. कडेची कोर तेवढी ठळक उरली होती. आम्हाला जे बघायचं होतं ते आम्ही बघितलं.

हा शिंपला कुठून आला ते मी पुढे वाचून काढलं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये शिंपले, वळणदार पानं आणि वेली यांची एक नक्षी फार चालली. तिला रोकोको म्हणतात. शंभर वर्षांनी इंग्रजांनी तीच नक्षी पुन्हा काढली. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडात कोरलेलं फर्निचर बनू लागलं, ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते ओळखलं जातं. गिऱ्हाईक साहेब आणि शेठ, नमुने विलायती, हात इथल्या कारागिरांचे. त्यांनी त्या फ्रेंच-इंग्रजी वेलींत आपली पानं मिसळली. मुंबईचं बघून मग लहान शहरांतल्या सुतारांनी साध्या आवृत्त्या केल्या.

म्हणजे दादीचा ‘अस्सल’ आरसा कशाची तरी नक्कलच होता. फ्रान्सची नक्कल इंग्रजांनी केली, इंग्रजांची मुंबईने आणि मुंबईची कुणा मराठी सुताराने. त्या सुताराने हा शिंपला कधी समुद्रावर जाऊन पाहिला असेल की नाही, अल्लाह जाणे. पण पटाशी चालवली ती सफाईने. सुतारमामा एका वेलीवर बोट फिरवत म्हणाले, “इथं त्याचा हात घसरला होता. मग त्यानं तिथं एक पान जास्तीचं काढून चूक झाकली.” मी विचारलं, आपण काय करायचं? “आपण पण पान काढायचं. तुम्ही हुबेहूब म्हणालात ना.”

फळीमागचा कागद

मापं घ्यायला पाठची फळी काढावी लागली. लहान लहान खिळे होते, गंजलेले. फळी निघाली तशी आत एक वर्तमानपत्र दिसलं. काचेच्या पाठीला फळी घासू नये म्हणून कागद घालतात, तसा घातलेला. सोलापुरातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचं पान, तारीख १९५१ ची. येऊ घातलेल्या जनगणनेची सूचना त्यावर होती.

चौकटीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे पेन्सिलीने मराठी आकड्यांत इंचांची मापं होती आणि खाली ‘कलदार १८’.

जुन्या लोकांना याचा अर्थ लगेच कळेल. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, इंग्रजी मुलखात कलदार. आमचं गाव निजामाकडे, हैदराबाद संस्थानाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. सोलापूर इंग्रजांकडे. मधे सरहद्द आणि करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात. हैदराबादेतल्या दुकानदाराने कलदारात किंमत घालायचं कारण नव्हतं. मराठी मापं आणि कलदारातला दाम बघता ही चौकट सोलापूरची किंवा आसपासच्या इंग्रजी मुलखातली. ना नवाब, ना हवेली, ना बक्षीस. पणजोबांनी अठरा रुपये मोजून विकत आणलेला आरसा.

आणि काच? काच तर १९५१ ची किंवा त्यानंतरची. सुतारमामांनी काचेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत किती अंतर दिसतं त्यावरून ते जाडी सांगतात. म्हणाले, “पातळ आहे. ही चौकटीची पहिली काच नव्हे. खाच जाड काचेसाठी कोरलेली आहे, बाकीच्या जागेत पट्टी भरलीय.” मग पहिली काच कुठे गेली?

घरी कुणालाच माहीत नव्हतं. दादीने काच बदलल्याचं कधी सांगितलं नव्हतं. खरं तर १९४८ ते १९५१ या वर्षांबद्दल ती काहीच बोलायची नाही. त्या काळात आमचे लोक काही महिने सोलापूरला नातेवाइकांकडे होते, एवढंच आम्हाला ठाऊक. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनबद्दल आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलतात किंवा बोलतच नाहीत. त्याआधी रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केला होता. त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या शेवटी संस्थानात फिरून अहवाल दिला. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचं नाव घेतलं. तो अहवाल कित्येक वर्षं दडून राहिला.

मी जुन्या घराच्या शेजारच्या काकांकडे गेले. वय ऐंशीच्या पुढे. आरशाचा विषय काढला तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अगं पोरी, तो मीच फोडला.”

त्यांनी सांगितलं ते असं. आमचे लोक सोलापूरला निघाले तेव्हा दादीने आरसा आणि तांब्याची दोन भांडी त्यांच्या आईकडे ठेवली. काकांच्या वडिलांनी आरसा वाकळीत गुंडाळून बळदात, धान्याच्या भिंतीतल्या कोठारात, खाली उतरवला. बळदात काय ठेवलंय याचा बोभाटा नको होता, कारण मुसलमानाचं सामान घरात ठेवल्याचं कळलं तर त्यांनाही त्रास झाला असता. काका तेव्हा आठ वर्षांचे. आरशात तोंड बघायचं म्हणून चोरून बळदात उतरले. ओढताना आरसा निसटला. वडिलांनी त्यांना फोडून काढलं.

“तुझी आजी आली तेव्हा माझ्या आईनं रडत रडत आरसा पुढं केला. तुझी आजी एक शब्द बोलली नाही. चौकट उचलली अन् माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.”

मग कधीतरी दादीने सोलापुरात नवी काच घालून घेतली आणि फळी ठोकली. पुढे आम्हा मुलांना तिने नवाबाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिने का रचली, की तिलाच कुणी सांगितली होती, हे आता विचारता येणार नाही. मला एवढं वाटतं की पोरांसमोर एखादी वस्तू ठेवायची आणि तिच्यामागचं ते वर्ष ठेवायचं नाही, तर दुसरी कुठली तरी गोष्ट लागतेच.

नवं ते नवं

तिकडे काम पुढे सरकत होतं. मामांनी नवं शिसव न घेता पाडलेल्या एका घराचा जुना सागवान घेतला. जुनं लाकूड वाळून बसलेलं असतं, ते पुन्हा वाकत नाही. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या घरांची धास्तीच बसली. लोकांनी माळवदं उतरवली, तुळया आणि दारं विकली. कितीतरी कोरीव चौकटी अशा गेल्या. रंधा मारल्यावर त्या सागाला असा वास सुटला की जणू झाड कालच तोडलंय. मग नक्षी. सरळ पटाशी, गोल पटाशी, लाकडी मोगरी. एका बाजूची वेल कोरायला पाच दिवस लागले. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, कापसाच्या बोळ्याने, थरावर थर.

भावाला एक कल्पना सुचली. नवा आरसाही जुना दिसावा, म्हणजे कोणता कोणाकडे यावरून पुन्हा कुरबूर नको. हे अवघड नाही, मामांनाही येतं. लाकडाला चहाचं पाणी आणि अमोनियाची वाफ देतात, साखळीने चेपे पाडतात, बारीक ड्रिलने किड्याची भोकं करतात. काचेच्या पाठचा रंग काढून आम्ल शिंपडलं की काळे डाग येतात, शंभर वर्षांचे वाटतील असे.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, त्यांत आपल्या लोकांची बरीच. तिथे जुन्या नमुन्यावर केलेल्या नव्या चौकटीही मिळतात. त्यात वाईट काही नाही. कारागिराला काम मिळतं, ज्याला अस्सल परवडत नाही त्याच्या घरात सुंदर वस्तू येते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते, परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकाला तर नक्कलच सोयीची. प्रश्न एवढाच की विकणारा ती नवी आहे हे सांगतो की नाही. मदिनेच्या बाजारात पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरून कोरडं आणि आतून ओलं धान्य निघालं, हा प्रसंग आपण लहानपणी ऐकलेला असतो. ओलं धान्य विकणं हा गुन्हा नव्हता. ओल झाकणं हा होता.

मी भावाला “नक्को” म्हटलं. एक खोटी गोष्ट फळीमागून नुकतीच काढली होती, दुसरी मला घालायची नव्हती.

पण खऱ्याचीही किंमत असते. फुप्पीला मी वर्तमानपत्राचं पान दाखवलं, कलदारचं सांगितलं, काकांचं सांगितलं. मला वाटलं तिला आवडेल. ती म्हणाली, “मेरी माँ झूटी थी क्या गे?” आणि उठून आत गेली. महिनाभर बोलली नाही. तेव्हा कळलं की इतिहास शिकवणाऱ्याला वाटतं आपण माहिती देतोय, ऐकणाऱ्याला मात्र आपलं माणूस हिरावल्यासारखं वाटतं. मी आधी दादीबद्दल बोलायला हवं होतं, फळीबद्दल नंतर.

पुढे काकांनाच मी फुप्पीकडे घेऊन गेले. ते दोघं लहानपणी एकाच अंगणात खेळलेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी चहा करत होते. बाहेर आले तेव्हा फुप्पी त्यांना विचारत होती, “लगी थी क्या रे तेरेकू, काँच?” त्यांनी तळहातावरची खूण दाखवली.

जुना आरसा फुप्पीकडे गेला. पुतणीचा जलवा नव्या आरशात झाला. सागवान अजून उजळ आहे, काच स्वच्छ आहे. जुन्यात डागांमुळे चेहरा अर्धाच दिसायचा. हिने नवऱ्याला पुरता पाहिला आणि हसली.

नव्या आरशाची फळी ठोकण्याआधी मी आत एक कागद ठेवला, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला उर्दूत. हा आरसा नक्कल आहे, साल अमुक, सागवान कुठला, नमुना कुठला. मूळ चौकट अठरा कलदारची. पहिली काच १९४८ नंतर शेजारच्या बळदात फुटली, ती सांभाळताना फुटली. त्याखाली लिहिलं: दादी म्हणायची, हा हैदराबादच्या नवाबाकडून आला.

सुतारमामांना म्हटलं, तुम्हीही सही करा. ते लाजले. सही काही केली नाही. चौकटीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने मापं लिहिली, मराठी आकड्यांत, आणि फळी ठोकली.